मालिश करताना गुदगुल्या होतात आणि अंग आखडतं. कोणाला असा अनुभव? काही उपाय?

लॅपटॉपग्रस्त
नमस्कार मंडळी. प्रश्न हसण्यासारखा आहे. हसून घ्या, पण नंतर उत्तरही द्या.

दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आणि उजवा खांदा कायमचा धरलाय. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काही नाही, स्नायू आखडलेत, व्यायाम करा आणि हवं तर मालिश करून बघा. व्यायाम चालू आहेत. मालिशचं घोडं मात्र पेंड खातंय. खांद्यापर्यंत सगळं ठीक असतं. हात काखेच्या कडेला किंवा बरगड्यांवर आला की मी टेबलावरून खाली पडायचीच बाकी राहते. तळपायाचं तर नावच नको. मालिश करणाऱ्या ताई बिचाऱ्या सांगतात, "मॅडम, अंग सैल सोडा." त्यांनी असं म्हटलं रे म्हटलं की मी आणखी अंग चोरते. उठते तेव्हा खांदे कानाला लागलेले असतात.

मैत्रीण म्हणते मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस. नवरा म्हणतो पैसे वाया. गुदगुल्या आणि हे आखडणं एकच आहे की वेगवेगळं? आणि यावर काही करता येतं की मालिश हा प्रकार माझ्यासाठी नाहीच?

शेंगदाणा_लाडू
वाचतोय. मला न्हाव्याने मानेवर ब्रश फिरवला तरी खुर्ची हलते. आमचा न्हावी आता आधी दोन्ही खांदे घट्ट धरतो, मग ब्रश.

तालीमवाला
ताई, मालिश हलक्या हाताची असंल तर गुदगुल्या होणारच. आमच्याकडं कोल्हापुरात तालमीत मालिश म्हणजे तळहाताचा गादीकडचा भाग, कोपर आणि अंगाचं वजन. बोटांचं काम नाही. नवीन पोरगं आलं की पहिल्यांदा खिदळतंय, मग रगडलं की गप्प. जोर लावायला सांगा, विषय संपला.

बाळंतविडा
जोराचं एवढं सोपं नाही हो तालीमवाले. माझ्या बाळंतपणात मालिशवाल्या मावशी यायच्या. वय साठीच्या पुढचं, हात असे की काय सांगू. मला पोटावर आणि कमरेच्या बाजूला भयंकर गुदगुल्या. पहिल्या दिवशीच त्यांच्या ते ध्यानात आलं. बोलल्या काहीच नाहीत. तेल तळहातावर घेऊन दोन्ही हात नुसते पाठीवर ठेवले, हलवलेच नाहीत. मी श्वास सोडला तशा हळूच खाली सरकल्या. एक हात उचलायचा तर दुसरा अंगावर ठेवूनच उचलायच्या. तेलाची वाटी घ्यायलासुद्धा एकच हात जायचा. कुशीवर यायचं असलं की आधी सांगायच्या, "आता इकडं येते बरं का." आणि बोलणं अखंड, त्यांच्या सुनेपासून गावच्या विहिरीपर्यंत. हसायला आलं तर सुनेच्या गोष्टीवर, गुदगुल्यांवर नाही.

लेकीला मालिश करतानाही तेच. बाळाच्या तळपायाला बोटाने कधी हात लावला नाही, अंगठा पूर्ण टेकवून टाचेकडून वर.

सांधेजोड
व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते. बाळंतविडा, तुमच्या मावशींनी जे केलं ते आम्हाला वर्गात शिकवतात. आधी हात ठेवा, मग हलवा. संपर्क तोडू नका. पुढे कुठे जाणार ते सांगा.

लॅपटॉपग्रस्त, मैत्रिणीचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. गुदगुल्या मेंदूत ठरतात, पण म्हणून त्या खोट्या नसतात आणि लक्ष न दिल्याने जातही नाहीत. त्यांचे दोन प्रकार धरतात. एक, अंगावर मुंगी चालल्यासारखी किंवा पीस फिरवल्यासारखी शिरशिरी. तिने हसू येत नाही, नुसतं ती जागा चोळून टाकावीशी वाटते. दुसरा, काखेत किंवा बरगड्यांत बोटं रुतली की हसू फुटतं तो. १८९७ साली स्टॅन्ली हॉल आणि आर्थर ॲलिन यांनी त्यांना निस्मेसिस आणि गार्गालेसिस अशी नावं दिली. नावं विसरा, पण फरक लक्षात ठेवा, कारण उपाय वेगवेगळे आहेत. पहिला प्रकार हलक्या हाताने होतो आणि दाब वाढवला की जातो. शेंगदाणा_लाडू यांचा न्हावी बरोबर करतोय. दुसरा मुळात दाबानेच होतो, त्यातून बोटांच्या टोकांनी अचानक दिलेल्या दाबाने जास्त. तिथे "जोर लावा" म्हटलं तर आगीत तेल.

आखडण्याची गोष्ट निराळी, पण शेजारचीच. स्नायूच्या आत त्याची लांबी ओळखणारे बारीक तंतू असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू झटक्यात ताणला गेला की हे तंतू त्याला लगेच आकसायला लावतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच वाटेने. तोच ताण सावकाश दिला तर एवढी उसळी येत नाही. म्हणून वेग हा दाबापेक्षा महत्त्वाचा. आणि दुखणाऱ्या जागी दाब सहन होण्यापलीकडे गेला तर स्नायू बचावासाठी घट्ट होतात. तालमीतलं पोरगं गप्प झालं ते बरं वाटून की दात आवळून, हे त्यालाच विचारायला हवं.

तालीमवाला
दोन्ही असंल 🙂

सांधेजोड
आणखी एक. "अंग सैल सोडा" हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना वापरू देत नाही. ज्याला सैल म्हणजे कसं हेच ठाऊक नाही, त्याने ते कसं सोडायचं? शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात यावर काम केलं. त्यांची युक्ती उलटी होती: आधी स्नायू मुद्दाम आवळा, तो ताण नीट जाणवू द्या, मग सोडा. खांदे कानाकडे ओढून पाच-सात सेकंद धरा आणि श्वास सोडताना एकदम टाका. असं काही वेळा करून मग झोपा टेबलावर. मुद्दाम आवळल्यावर सोडणं शरीराला सोपं जातं.

उलटतपासणी
धागा आवडला, पण एक शंका. गुदगुल्या मेंदूत ठरतात याला पुरावा काय? त्वचेतल्या नसा जास्त संवेदनशील असतील, एवढं साधं का नसावं?

प्रयोगवही
तसं असतं तर स्वतःच स्वतःच्या तळव्याला बोट लावून गुदगुल्या झाल्या असत्या. त्वचा तीच, नसा त्याच. होत नाहीत ना?

लंडनला सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ मध्ये हेच स्कॅनरमध्ये तपासलं. स्वतःच्या हाताने स्पर्श करताना लहान मेंदू (अनुमस्तिष्क) आधीच अंदाज बांधतो की अमुक ठिकाणी अमुक स्पर्श येणार, आणि तो अंदाज स्पर्शातून वजा होतो. दुसऱ्याच्या हाताचा असा अंदाज नसतो, म्हणून तो पूर्ण ताकदीने जाणवतो. पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो. माणसाने डाव्या हाताने एक यंत्र हलवायचं, आणि दुसरं यंत्र तीच हालचाल फोमच्या तुकड्याने त्याच्या उजव्या तळहातावर करणार. हालचाल त्याच क्षणी झाली तर गुदगुल्या कमी. मध्ये सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर घातला, किंवा दिशा फिरवली, की स्वतःच्याच हालचालीने गुदगुल्या वाढल्या. इतक्या बारीक चुकीनेसुद्धा अंदाज फसतो.

त्यामुळे मावशी "आता इकडं येते बरं का" म्हणतात तेव्हा त्या अंदाजाला थोडी मदतच करतात. अर्थात नुसतं सांगण्याने तो वजाबाकीचा परिणाम पूर्ण मिळत नाही, नाहीतर मित्राने "काखेत हात घालतोय" असं सांगितल्यावर कोणी हसलंच नसतं.

लॅपटॉपग्रस्त
हे भारी आहे. मग माझाच हात मध्ये घातला तर?

सांधेजोड
अगदी तेच! पोट तपासताना ज्या मुलांना गुदगुल्या होतात त्यांच्यासाठी डॉक्टर हीच जुनी युक्ती करतात. मुलाचा हात त्याच्याच पोटावर ठेवतात, त्यावर आपला हात, आणि तसंच तपासतात. बोटांची टोकं जरा पुढे येऊ देतात, एवढंच. मूल शांत, पोट मऊ.

टेबलावर तुम्ही असं करा. बरगड्यांच्या बाजूला काम सुरू व्हायच्या आधी स्वतःचा तळहात तिथे ठेवा. ताईंना त्यावर हात ठेवायला सांगा. काही श्वास गेले की तुमचा हात हळूहळू काढून घ्या. पालथं झोपून काखेच्या कडेला हात पोचत नसेल तर त्यांच्या मनगटावर तुमची बोटं ठेवली तरी पुष्कळांना चालतं, कारण हात कुठे चाललाय ते कळतं आणि नको वाटलं तर थांबवता येतं. तेलाऐवजी आधी जाड टॉवेलवरून करून घ्या. बोटं जवळजवळ, तळहात पूर्ण टेकलेला. काखेत थेट कधीच नाही, खांद्याच्या पात्याकडून यायचं आणि कडेला पोचण्याआधी थांबायचं. तुमचं दुखणं मानेचं आणि खांद्याचं आहे, मग बरगड्या आणि तळपाय करायलाच हवेत असं कोणी सांगितलं? पॅकेजमध्ये "संपूर्ण शरीर" लिहिलंय म्हणून संपूर्ण शरीर द्यायची सक्ती नाही.

जर्सीवाली
हा शेवटचा मुद्दा ठळक करा कोणीतरी. इथे न्यू जर्सीत पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलाच्या आधी फॉर्म हातात दिला: कुठे हात लावलेला चालेल, कुठे नको, दाब किती, काही शस्त्रक्रिया झाली आहे का. ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. मधूनमधून विचारत होती, दाब ठीक आहे ना. आपल्याकडे आपण "आता कसं सांगायचं, वाईट वाटेल त्यांना" म्हणून गप्प पडून राहतो. तळपाय नकोत एवढं म्हणायला माझी जीभ चाळिशीत उचलली गेली.

आजीची_गोधडी
+१. आणि हे मुलांच्या बाबतीतही. घरात कोणी मामा-काका येतात, पोराला धरून गुदगुल्या करतात, पोरगं हसतंय म्हणजे मजा येतेय असं सगळ्यांना वाटतं. गुदगुल्यांचं हसू आपोआप येतं, त्याचा आनंदाशी संबंध असेलच असं नाही. पोरगं "नको" म्हणालं की थांबायचं, हसत म्हणालं तरी. माझ्या धाकट्या भावाला अजून कोणी मागून खांद्यावर हात ठेवलेला चालत नाही.

उलटतपासणी
प्रयोगवही, मान्य. पण आता दुसरी अडचण. बर्लिनच्या उंदरांवरचा अभ्यास वाचल्याचं आठवतंय. त्यात घाबरलेल्या उंदरांना गुदगुल्या कमी झाल्या होत्या. मग लॅपटॉपग्रस्त यांचं अंग ताणलेलं असताना त्यांनाही कमी व्हायला हव्यात. इथे तर ताण असतानाच त्यांना गुदगुल्या होताहेत. दोन्ही कसं खरं?

प्रयोगवही
चांगलं पकडलंत. इशियामा आणि ब्रेख्त यांचा २०१६ चा अभ्यास. उंदराच्या पोटाला-पाठीला गुदगुल्या केल्या की ते माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत किचकिचतात, वर हाताच्या मागे धावतात, पुन्हा कर म्हणून. त्यांनाच उंच चौथऱ्यावर प्रखर उजेडात ठेवलं की किचकिच जवळजवळ बंद, आणि धडाच्या स्पर्शाचं काम बघणाऱ्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. डार्विननेही १८७२ मध्ये लिहून ठेवलंय की गुदगुल्यांनी हसायला मन प्रसन्न असावं लागतं. अनोळखी माणसाने केल्या तर लहान मूल भीतीने किंचाळेल.

माझं मत: खेळातली गुदगुली आणि टेबलावरची गुदगुली यांत हसू सारखं दिसलं तरी आतला भाव वेगळा असतो. लॅपटॉपग्रस्त यांनी "हसू येतं" असं लिहिलेलंच नाही, परत वाचा. त्या उडतात, अंग चोरतात. ते किंचाळणाऱ्या मुलाच्या जास्त जवळचं आहे.

लॅपटॉपग्रस्त
खरंय की! हसू फक्त सुरुवातीला, तेही लाजेचं. नंतर नुसतं "आता कुठे लावतील" हेच चालू असतं डोक्यात.

सांधेजोड
मग तुमच्यासाठी अंदाज आणि ओळख हेच औषध. दर वेळी नवीन माणूस देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. एकच ताई ठरवा. सुरुवातीला फक्त मान-खांदे, तेही बसून, अंगावर कपडे असताना, खुर्चीच्या पाठीवर छाती टेकवून. बसलेलं असताना निसटता येतं हे शरीराला माहीत असतं, त्यामुळे ते कमी भांडतं.

शिवाय स्वतःच्या हाताचे प्रकार आहेतच, त्यात गुदगुल्यांचा प्रश्न येत नाही. टेनिसचा चेंडू भिंत आणि खांद्याच्या पात्याच्या मध्ये ठेवायचा, मणक्यावर नाही, आणि गुडघे किंचित वाकवून हळूहळू वर-खाली. दुखरी जागा सापडली की तिथे थांबून श्वास सोडायचा. दाब किती, कुठे, कधी थांबायचं, सगळं तुमच्याच हातात.

मध्यरात्रीचा_चहा
पण मालिशने त्या गाठी फुटतात म्हणतात, त्या चेंडूने फुटतील का?

सांधेजोड
फुटत-बिटत काही नाही. ज्याला लोक गाठ म्हणतात त्याला आमच्यात ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ मध्ये त्याचे नकाशेच छापले, पण तिथे आत नेमकं काय असतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. दाब दिल्यावर बरं वाटतं, हालचाल थोडा वेळ मोकळी होते. तेवढ्यात व्यायाम उरकून घ्यायचा. नुसत्या मालिशवर राहिलात तर दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप, तोच खांदा.

परसातली_तुळस
तळपायाबद्दल लिहिते. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी रोजच्या अभ्यंगात (तेल लावून मालिश) डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिलाय, म्हणून तळपाय सोडून द्यायला जीव होत नाही. आमच्याकडे काशाची वाटी आहे, आजेसासूबाईंच्या वेळची. तळव्याला तूप किंवा तेल लावून वाटीच्या बुडाने घासायचं. हाताने गुदगुल्या होणारी माणसंसुद्धा वाटीखाली शांत झोपतात. आमच्या ह्यांना मोज्याचा धागा लागला तरी पाय ओढून घेतात, पण वाटीने घोरायला लागतात. अंगातली उष्णता उतरते, तळवे काळे होतात ते बघूनच कळतं.

उलटतपासणी
उष्णता काळ्या रंगाची नसते हो ताई. काशात पाऊणहून जास्त तांबं असतं, बाकी कथील. ते तुपातल्या आम्लांशी आणि घामाशी मिळून काळपट होतं. झोप लागते हे मात्र मान्य. गुळगुळीत, रुंद, एका गतीने फिरणारी वस्तू आहे. बोटांसारखी टोकं नाहीत.

परसातली_तुळस
काळं कशाने का होईना, झोप लागते ना? मग झालं.

शेंगदाणा_लाडू
हे मी करणार. वाटी कुठे मिळेल पुण्यात? ऑनलाइन दिसतात त्या सोन्यासारख्या चकाकतात, विश्वास बसत नाही.

परसातली_तुळस
भांड्यांच्या जुन्या दुकानात "काशाची" म्हणून ठासून विचारा, नाहीतर पितळेची देतात. बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या वाटीने हलकेच टोला द्या. काशाचा नाद बराच वेळ टिकतो, पितळेचा लवकर बसतो. बूड नीट गुळगुळीत आहे ना ते हाताने बघा, कड उठलेली असेल तर तळवा ओरबाडतो.

सांधेजोड
वाटी घेताय तर एक काळजी. घरात मधुमेहाचं माणूस असेल आणि "पूर्वी तळव्याला गुदगुल्या व्हायच्या, आता काहीच होत नाही" असं म्हणत असेल तर त्याला बरं झालं असं समजू नका. तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवून हे तपासतात, दुखत नाही आणि काही मिनिटांत होतं. अशा पायावर वाटी जोरात घासली तर कातडी सोलवटली तरी कळणार नाही. तपासणी आधी, वाटी नंतर.

आणि एकच पोटरी अचानक सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मालिश अजिबात नाही, आधी डॉक्टर. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

शेंगदाणा_लाडू
वडिलांना शुगर आहे आणि गेल्या दिवाळीत अभ्यंगाला तळव्याला तेल लावताना ते हसले नाहीत, हे आत्ता लक्षात आलं. उद्याच फोन करतो डॉक्टरांना.

सांधेजोड
करा. आणि नायलॉनच्या धाग्याची तपासणी करा असं नाव घेऊन सांगा, नाहीतर नुसती शुगर बघून पाठवतात.

तालीमवाला
लॅपटॉपग्रस्त ताई, पुढच्या मालिशला काय झालं ते टाका इथं. आणि ताईंना बोटं नाही, तळहात सांगा. एवढं माझं राहू द्या.